रिंग नवी, भांडं जुनं

माझ्या ओट्यावर शोभेच्या वस्तूला जागा नाही. जे रोज हाताशी लागत नाही ते महिन्याभरात माळ्यावर जातं. त्यामुळे मिलानहून मी कॉफी करायचा जुना मोका पॉट आणला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मनातल्या मनात त्यालाही माळा दाखवला होता.

मुलगी तिकडे शिकायला होती. नाविल्यो ग्रांदे कालव्याच्या काठाने महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथे तो दिसला. अ‍ॅल्युमिनियमचा, अष्टकोनी, बेकेलाइटची काळी मूठ, अंगावर बोट वर करून उभा असलेला मिशीवाला माणूस. विकणाऱ्याने पंधरा युरो सांगितले, मुलीने घासाघीस करून दहाला घेतला. "आई, नवा मिळतो गं," हे ती ट्राममध्ये बसेपर्यंत म्हणत होती. तो मिशीवाला बियालेत्ती कंपनीच्या जाहिरातीसाठी काढला गेला १९५०च्या दशकात, म्हणजे भांडं त्याआधीचं नाही. वयाचा पुरावा म्हणाल तर तेवढाच.

अल्फोन्सो बियालेत्तीने हा पॉट १९३३ साली बाजारात आणला, उत्तर इटलीतल्या क्रुसिनाल्लोमध्ये. तिथे त्याचा अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना होता. मुसोलिनीच्या राजवटीत परदेशी माल टाळून देशातल्या अ‍ॅल्युमिनियमचा उदोउदो चालला होता, त्याच्याशी हे जुळून आलं. पण घरोघरी तो पोचवला महायुद्धानंतर त्याच्या मुलाने, रेनातोने, तेही जाहिरातींचा सपाटा लावून. २०१६ मध्ये रेनातो वारले तेव्हा त्यांची रक्षा मोठ्या मोका पॉटच्या आकाराच्या कलशात ठेवली गेली. हे ऐकून आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं बाई, रक्षा किटलीत?" आणि बराच वेळ त्यांनी माझ्या पॉटकडे संशयाने पाहिलं.

त्यांचा दुसरा संशय अ‍ॅल्युमिनियमचा. डोक्यावर परिणाम होतो म्हणे. आमची निम्मी हयात हिंडालियमच्या पातेल्यांत आमटी उकळण्यात गेली, हे त्या सोयीस्करपणे विसरतात. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांमुळे अल्झायमर होतो हे संशोधनातून सिद्ध झालेलं नाही. मात्र आतून खड्डे पडलेलं, पांढरी पूड सुटणारं भांडं मीही वापरणार नाही, आणि विकत घेताना बोट आत फिरवून पाहिलं ते त्यासाठीच. नुसता करडेपणा चालतो.

दादरला आल्यावर पॉट उघडा करून ओट्यावर मांडला. ज्या बाईने आयुष्यभर प्रेशर कुकर सांभाळलाय तिला यातलं काही नवीन नाही. खाली पाण्याचं पात्र, त्याला पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह. मधे कॉफीच्या पुडीचं गाळणं. वरच्या भागाच्या बुडाला जाळी आणि रबरी रिंग. रिंग इतकी कडक झाली होती की नखाने तुकडा निघाला. कुकरची रिंग इथे बसत नाही, पण मोकाच्या सिलिकॉनच्या रिंगा कपांच्या मापाने ऑनलाइन मिळतात. तीन कपी माझा पॉट, तीन कपाची रिंग, काम झालं.

व्हॉल्व्हने मात्र घाम काढला. मिलानचं पाणी जड, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला कित्येक वर्षांचा क्षार त्यात बसलेला. आतल्या बाजूने टाचणीने दाबलं तर स्प्रिंग हलेना. लिंबूसत्त्वाच्या गरम पाण्यात पात्र ठेवलं, पुन्हा दाबलं, परत ठेवलं. शेवटी एकदाची ती बारीकशी उडी जाणवली. हा व्हॉल्व्ह अडकलेला असेल आणि गाळणंही तुंबलं तर वाफेला वाट राहत नाही. कुकरची शिट्टी अडकली तर काय होतं ते आपल्याला सांगायला नको.

पाणी व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच भरायचं. पूड गाळणंभर, पण दाबायची नाही. माटुंग्याला कॉफी दळून घेताना चिकोरी नको म्हणून आधीच बजावते, कारण ती भिजली की चिकट होते आणि पाणी वर चढायला कुरकुरतं. आपल्या गॅसच्या शेगडीवर एवढंसं बूड डगमगतं, म्हणून छोट्या बर्नरवर पापड भाजायची जाळी ठेवते. आच बुडाच्या बाहेर गेली की मूठ जळते, आणि जुनं बेकेलाइट तडकायला निमित्तच शोधत असतं.

झाकण उघडं ठेवून बघत उभं राहावं. खालची हवा आणि वाफ पाण्याला दाबते, पाणी पुडीतून वर येतं. मधल्या नळीच्या तोंडाशी आधी काळीभोर जाड धार येते, गुपचूप. मग ती तांबूस होते. फिकट पिवळसर होऊन फुरफुरायला लागली की गॅस बंद आणि बूड नळाखाली. फुरफुर संपेपर्यंत थांबलात तर कडू काढा मिळतो.

ही एस्प्रेसो नव्हे. कॅफेतल्या मशीनचा दाब नऊ बारच्या आसपास, इथे जेमतेम एक-दीड. वर फेसाची साय हवी असेल त्याने कॅफेत जावं. पण दुधाला पुरून उरेल असा दाट अर्क मिळतो, आणि आमच्याकडची जायफळ घातलेली कॉफी त्यात जी होते ती इन्स्टंट पावडरीत कधीच होत नव्हती. जाऊबाईंनी दुसरा कप मागितला तेव्हा अ‍ॅल्युमिनियमचा विषय निघाला नाही.

मुलीची इटालियन घरमालकीण सांगायची, मोकाला साबण लावायचा नाही, आतला काळा थर म्हणजे चव. मला हे पटत नाही. तो थर म्हणजे कॉफीचं तेल, आणि तेल खवट होतं. मी सौम्य साबणाने धुते, पुसून उघडा ठेवते. सोडा आणि डिशवॉशर मात्र नको, अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं.

सगळ्याच जुन्या कॉफीच्या भांड्यांची मी वकिली करणार नाही. थोरल्या दिरांनी अमेरिकेहून आणलेला जुना पर्कोलेटर तयार झालेली कॉफीच पुन्हा पुन्हा उकळून पुडीवर ओततो. तो माळ्यावर आहे आणि तिथेच राहो. तांब्याची जुनी नापोलीची किटली दिसली तर आतली कल्हई शाबूत आहे का ते पाहा, नसेल तर आधी कल्हईवाला गाठा.

तुमच्या घरात कुणी परदेशातून आणलेला मोका पॉट पडून असेल तर आधी व्हॉल्व्ह दाबून पाहा. हलला, तर रिंग बदला, नुसतं पाणी आणि जुनी पूड घालून दोन-तीन वेळा चालवून ते ओतून द्या आणि खुशाल वापरा. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर इंडक्शनवर मात्र तो चालणार नाही. आणि व्हॉल्व्ह काही केल्या हललाच नाही, तर नवा व्हॉल्व्ह मिळेपर्यंत तो शेगडीवर चढवू नका.