दुसरी किल्ली

मराठीत जिला आपण किल्ली म्हणतो, तीच कोंकणीत चावी. हा शब्द पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांबरोबर उतरला. आम्ही राहतो त्या हैदराबादेत तेलुगू लोक तिला ‘ताळंचेवि’ म्हणतात. ‘चेवि’चा तेलुगूत दुसरा अर्थ कान. मोटारीच्या कुलपाला खरोखरच कान असतो, हे मात्र आम्हांस गौलीगुड्यात उमगले.

गौलीगुडा म्हणजे कोठी आणि मुसी नदी ह्यांच्या मधली जुनी, दाट वस्ती. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता; त्यामुळे तिकडच्या मंडळींना हा भाग परका नाही. इस्पितळासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी ती आजही येतात. असेच आमचे एक आप्त गेल्या पावसाळ्यात पत्नीचे डोळे दाखविण्यासाठी नांदेडहून मोटारीने आले, आणि बाजारच्या गर्दीत त्यांची किल्ली नाहीशी झाली. विक्रेत्याच्या दुकानी चौकशी केली, तेव्हा हजारांचा आकडा व आठवड्याची मुदत कानी पडली. शेवटी आम्ही पदपथावरच्या एका वृद्ध किल्लीवाल्यास गाठले.

त्याचे पहिले वाक्य होते, “पैले कागजां दिखाओ साब.” आमच्या आप्तांस राग आला, आम्हांस मात्र धीर आला. जो कागद न पाहता आपली मोटार उघडून देतो, तो दुसऱ्या कोणासही ती उघडून देईल!

कागद पाहून त्याने कुलपाच्या आतील घरांचा माग काढला आणि कानशीने पाते घासले. दार उघडले, यंत्र मात्र सुरू होईना. अँबॅसडर आणि फियाटच्या काळी एवढ्यावर काम भागत असे. आता किल्लीच्या मुठीत तांदळाएवढी चिप असते. तिला स्वतःची वीज लागत नाही. कुलपाभोवतीचे वेटोळे तिला जागे करते, ती आपला सांकेतिक क्रमांक सांगते, आणि तो ओळखीचा असेल तरच मोटारीतला संगणक यंत्र चालू देतो. युरोपात 1998 च्या ऑक्टोबरपासून नव्या मोटारींना असा बंदोबस्त सक्तीचा झाला. चोरांना त्याने आळा बसला, पण किल्ली महागली. पाते घडविणे स्वस्तच राहिले. पैसे पडतात ते ओळख पटविण्याचे.

“दुसरी किल्ली आहे?” म्हाताऱ्याने विचारले. ती नांदेडला कपाटात होती. रात्रीच्या गाडीने एक शेजारी ती घेऊन आला. तिच्यातील चिपेची नक्कल नव्या किल्लीत उतरली आणि विक्रेत्याने सांगितलेल्या रकमेच्या अल्प अंशात काम झाले. सर्वच मोटारींत अशी नक्कल साधत नाही. काहींत नवी किल्ली उपकरण लावून संगणकाच्या स्मृतीत नोंदवावी लागते. तथापि एक किल्ली हाती असली की दोन्ही प्रकारांत खर्च उतरतो. दोन्ही गेल्या, तर आधी संगणकाची मनधरणी करावी लागते, आणि प्रसंगी कुलपांचा संचच बदलावा लागतो.

त्याच म्हाताऱ्याने आणखी दोन गोष्टी बजावल्या. हरवलेल्या किल्लीची ओळख संगणकाच्या स्मृतीतून पुसून घ्यावी, म्हणजे ती कोणास सापडली तरी तिच्याने यंत्र सुरू होणार नाही. आणि हरवल्याची नोंद पोलिसांत करावी. कारण पुढे मोटार चोरीस गेली, तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते, आणि एकीचा हिशेब न लागल्यास भरपाई अडते. पुष्कळ मोटारींच्या नव्या किल्ल्यांबरोबर क्रमांकाची एक लहानशी पट्टी येते. ती जपून ठेवावी. तिच्यावरून पाते अचूक कापता येते.

आपल्याकडे जोडीची किल्ली म्हणजे उगाचचा खर्च, असा समज आहे. वाचकहो, ज्यांच्या घरी आज मोटारीची एकच किल्ली उरली असेल, त्यांनी ह्या आठवड्यातच एखाद्या कागद मागणाऱ्या कारागिराकडे जावे. आज द्याल ते दाम दुसऱ्या किल्लीचे असेल. ही एक हरवल्यावर द्याल, ते अडलेल्या माणसाचे असेल.