खोडलेले सदुसष्ट

माझ्या उत्तरावर मारलेली ती लाल फुली मला अजून बोचते. उत्तर होतं ६७ डेसिबल. साल १९९८, ठाण्यातलं कॉलेज, इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाची प्रॅक्टिकल परीक्षा. डोंबिवलीहून लोकलने लोंबकळत येणं, हातात जर्नल आणि लॉग टेबल, हे रोजचंच.

प्रश्न असा: ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर जोडा आणि पॉवर गेन डीबीत काढा. इनपुटला १० मिलिव्होल्ट, रेझिस्टन्स १ किलोओहम. आउटपुटला ८ ओहमच्या लोडवर २ व्होल्ट. दोन्ही आकडे आरएमएस. मी व्होल्टेजचा वर्ग करून रेझिस्टन्सने भागलं. आत ०.१ मायक्रोवॉट, बाहेर अर्धा वॉट. म्हणजे ५० लाख पट. त्याचा लॉग ६.७, गुणिले १०. झाले ६७.

एक्स्टर्नलनी वहीकडे पाहिलं. "वीस लॉग व्ही टू बाय व्ही वन. २०० पट, म्हणजे ४६ डीबी. चूक आहे."

"सर, दोन्हीकडचे रेझिस्टन्स वेगळे आहेत."

"फॉर्म्युला पाठ नाही आणि मलाच शिकवतोस?"

फुली पडली. आमचे स्वतःचे सर बाजूलाच उभे होते. त्यांना कळलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. ते सीआरओची वायर गुंडाळत राहिले.

परतीच्या गाडीत कळवा, मुंब्रा, दिवा जाईपर्यंत मी तेच गणित तीनदा केलं. डेसिबल मुळात पॉवरच्या गुणोत्तराचं माप आहे, दहा लॉग. पॉवरमध्ये व्होल्टेजचा वर्ग येतो, लॉग घेतल्यावर तो दोन बाहेर येतो आणि दहाचे वीस होतात. पण रेझिस्टन्स आपोआप जात नाही. दोन्हीकडे सारखा असेल तरच कटतो. इथे १००० आणि ८, म्हणजे १२५ पट फरक, त्याचे २१ डीबी. ४६ अधिक २१, ६७. प्रत्येक वेळी तेच. प्रश्नात व्होल्टेज गेन विचारला असता तर ४६ मीही लिहिले असते. विचारला होता पॉवर गेन.

विद्यार्थ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: व्होल्ट दिसले की लगेच वीस लॉग लावू नका, आधी विचारा, किती ओहमवर? टेलिफोनच्या ६०० ओहमवर एक मिलिवॉटला ०.७७५ व्होल्ट लागतात, टीव्हीच्या केबलच्या ७५ ओहमवर ०.२७४ पुरतात. पॉवर तीच, शून्य डीबीएम.

पुढे मी डोंबिवलीत केबलच्या कामाला लागलो. तिथे सगळं ७५ ओहमचं, वीस लॉगवरच दिवस जातो. वाटायचं, त्या एक्स्टर्नलनाही अशीच सवय लागली असेल. राग ओसरत चालला होता.

मग २०१३चा मार्च आला. ३१ तारखेच्या आत कल्याण-डोंबिवलीत घरोघरी सेट-टॉप बॉक्स बसवायचे होते. रात्री अकरा वाजता हाताखालच्या पोराने ६० डीबी मायक्रोव्होल्टचे डीबीएम करताना १०८.७५ वजा केले आणि उणे ४८.७५ लिहिलं. मी ओरडलो, "१०७ वजा करतात, सगळे तेच करतात!"

"दादा, १०७ पन्नास ओहमला. आपली केबल पंच्याहत्तरची."

मी गप्प झालो. १०७ मी वायरलेसच्या पुस्तकातून पाठ केलेलं होतं. मिनिटभराने म्हटलं, "तुझं बरोबर आहे," आणि चुकीचा आकडा त्याच्यासमोर खोडला.

त्या रात्रीनंतर एक्स्टर्नलवरचा राग संपायला हवा होता, कारण मीही तेच केलं होतं. संपला नाही, उलट वाढला. चूक कबूल करायला मला एक मिनिट लागलं होतं. त्यांच्यासमोर मी वही उघडी धरून त्याहून जास्त वेळ उभा होतो.