भुकेचे निरोप

गेल्या दिवाळीत मी बाबांना रंगेहाथ पकडलं. रात्री साडेअकराला, स्वयंपाकघरात, हातात बेसनाचा लाडू. बाबा पंधरा वर्षांचे मधुमेही. मी तोंडाला येईल ते बोललो. "जिभेवर एवढाही ताबा नाही का तुमचा?" हे त्यातलं त्यातल्या त्यात सौम्य वाक्य. बाबांनी अर्धा लाडू परत डब्यात ठेवला. एवढंच म्हणाले, "भूक लागली होती रे." जेवून दोन तास झाले होते, भूक कसली? मला ती थाप वाटली.

माझा सिद्धांत सोपा होता. वजन म्हणजे जमाखर्च, आणि जमा कमी करायची तर मन घट्ट करायचं. मी स्वतः पाप्याचं पितर असल्यामुळे हा सिद्धांत मला फार आवडायचा :-)

मग एका शनिवारी वाचता वाचता डग्लस कोलमन यांचे उंदीर भेटले. अमेरिकेतल्या मेन राज्यात जॅक्सन लॅबोरेटरी आहे, तिथली १९७० च्या सुमाराची गोष्ट. त्यांच्याकडे दोन प्रकारचे लठ्ठ उंदीर होते. दोन्ही सारखे खात सुटायचे, आणि दुसरा प्रकार तर पक्का मधुमेही. कोलमन यांनी शस्त्रक्रिया करून दोन-दोन उंदरांचं रक्ताभिसरण जोडलं. पहिल्या प्रकारचा लठ्ठ उंदीर साध्या उंदराला जोडला, तर लठ्ठ्याचं खाणं कमी झालं. दुसऱ्या प्रकारचा जोडला, तर साध्या उंदरानेच खाणं सोडलं आणि तो उपासमारीने मेला. लठ्ठ्या खातोच आहे!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा बग ओळखीचा. पहिल्यात मेसेज पाठवलाच जात नाही. दुसऱ्यात मेसेजचा पूर आलाय, पण ऐकणारा बंद. तो मेसेज १९९४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधला. त्याचं नाव लेप्टिन. चरबीच्या पेशी तो मेंदूला पाठवतात : "साठा भरपूर आहे, आता पुरे." बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन मुबलक असतं. मेंदूच दाद देत नाही.

पोटाचं टपालखातं वेगळं. रिकाम्या जठरातून घ्रेलिन निघतं आणि भूक लागते. अन्न आतड्यात पोचलं की जीएलपी-१ निघतं. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला सांगतं आणि मेंदूला थांबायला. पण रक्तात ते जेमतेम दोन मिनिटं टिकतं. गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत त्याच्यासारखंच, पण टिकाऊ द्रव्य सापडलं. त्यावरून तयार झालेलं औषध २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. हल्ली गाजणारं सेमाग्लुटाइडही याच कुळातलं. माणूस तोच, मनही तेच, निरोप तेवढा बदलतो आणि ताटातलं अन्न उरायला लागतं.

आणि मग वाचलं की डाएट करून वजन उतरवलेल्यांच्या रक्तात घ्रेलिन वाढतं, हे २००२ मध्येच दिसलं होतं. इथे मी थांबलो. त्या दिवाळीआधी बाबांनी आठ किलो वजन उतरवलं होतं. म्हणजे भूक खरीच असणार. लाडवाने साखर वाढायची ती वाढतेच, पण बाबा थाप मारत नव्हते.

राहता राहिलं माझं बारीकपण. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! आपल्याकडे बारीक दिसणाऱ्यांच्या अंगातही चरबी लपलेली असते, आणि विशेषतः पोटातली चरबी इन्शुलिनला नीट काम करू देत नाही. तो फोटो बघून मी गुपचूप रक्त तपासून घेतलं. एचबीए१सी ६.१. मधुमेहाचा उंबरठा.

रविवारी बाबांना फोन केला. आधी माझा रिपोर्ट सांगितला, मग दिवाळीबद्दल माफी मागितली. मला वाटलं, आता व्याजासकट ऐकून घ्यावं लागणार. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुला पण रात्री भूक लागते का रे?"

पंधरा वर्षांत मी त्यांना हे एकदाही विचारलं नव्हतं.