पाषाण : वारा आणि धूर यांचा एकत्र हिशेब

पुण्यास गेलेला खेड्यातला माणूस मार्केट यार्डातली कामे उरकतो, शनिवारवाडा पाहतो, दगडूशेठ गणपतीचे दर्शन घेतो आणि संध्याकाळची एस.टी. गाठतो. पाषाणकडे त्याची पावले सहसा वळत नाहीत. रामनदीच्या काठचे हे एके काळचे शेतीवाडीचे गाव आता शहरात मिसळून गेले आहे. विद्यापीठावरून पाषाणच्या रस्त्याला लागले की राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा लागते आणि त्याच रस्त्यावर भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे आवार आहे. आपल्या पावसापाण्याशी या आवाराचा जवळचा संबंध आहे. अलीकडे आपल्या शेतातल्या धुराशीही आहे.

हवामानशास्त्राशी पुण्याचे नाते जुने. 1928 साली हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून येथे आले. पुढे ते दिल्लीस गेले, पण शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. पाषाणची संस्था 1962 सालची. येथे 2018 साली ‘प्रत्यूष’ नावाचा महासंगणक बसला आणि 2024 साली त्याहून मोठा ‘अर्क’ आला. एकावर पंधरा शून्ये मांडावीत आणि त्या संख्येची जवळजवळ पावणेबारा पट करावी, इतकी आकडेमोड तो एका सेकंदात करू शकतो.

एवढी आकडेमोड कशासाठी, असे कोणीही विचारील. आपण रानात वाफे पाडतो, तसे हे शास्त्रज्ञ नकाशावर चौकोनी वाफे पाडतात आणि प्रत्येक वाफ्यावर हवेचे थर रचतात. प्रत्येक थरात उष्णता किती, ओल किती, वारा कोणत्या दिशेचा, हे भरले की एका वाफ्यातली हवा शेजारच्या वाफ्यात कशी सरकेल, ते गणिताने काढता येते. असे मिनिटामिनिटाने पुढे जात तीन दिवसांनंतरचे चित्र उभे राहते. त्यातच धूर, धूळ आणि विषारी वायू यांचे खाते उघडले, की हवामान आणि हवेची शुद्धता यांचा एकत्र हिशेब होतो. मूळ गणिताची मांडणी मुख्यतः अमेरिकेतील बोल्डर गावच्या शास्त्रज्ञांची. पाषाणच्या मंडळींनी ती आपल्या देशासाठी चालवली.

दोन्ही खाती एकत्र का, हे शेतकऱ्याला सांगावे लागू नये. थंडीच्या दिवसांत सांजवेळी चुलींचा धूर वर न चढता घरांच्या कौलांवर आडवा पसरतो. जमीन लवकर निवते, वरची हवा त्या मानाने उबदार राहते आणि गावावर जणू झाकण बसते. सकाळी ऊन तापले की झाकण उचलते आणि धूर विरतो. पण धूर फार दाट असेल तर तो ऊनच अडवतो, जमीन तापत नाही आणि झाकण तसेच राहते. म्हणजे हवा धुराला कोंडते आणि कोंडलेला धूर हवेला बदलतो. एकाचा हिशेब सोडून दुसऱ्याचा केला तर उत्तर चुकायचेच.

याची मोठी कसोटी दिल्लीत लागते. 2018 च्या ऑक्टोबरात पाषाणच्या संस्थेने हवामान खात्याच्या साथीने तेथे प्रदूषणाची आगाऊ सूचना देणारी व्यवस्था सुरू केली. दिल्लीपुरते तिचे वाफे अवघे 400 मीटरचे आहेत. पेटलेली शेते उपग्रह टिपतो आणि ती माहिती गणितात जाते. 2022 पासून या अंदाजांवरून बांधकामे, वाहने यांवरचे निर्बंध आधीच लावण्याची तरतूद झाली.

येथेच शेतकऱ्याच्या अब्रूचा प्रश्न येतो. दिल्लीचा श्वास कोंडला की बोट पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्याकडे जाते. तोही हौसेने काडी लावत नाही. भूजल वाचावे म्हणून 2009 च्या कायद्याने पंजाबात भाताची लावणी पुढे ढकलली. त्यामुळे भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांत जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात, आणि नेमके तेव्हाच वारा पडतो, झाकण खाली येते. 2021 पासून कोणाचा वाटा किती, हेही पाषाणचे गणित सांगू लागले. नोव्हेंबरातल्या काही वाईट दिवशी शेतातल्या धुराचा वाटा एक तृतीयांशाच्या घरात जातो. डिसेंबरात आगी विझतात, तो नगण्य होतो, तरी दिल्लीची हवा वाईटच राहते. तेव्हा दोष मोटारी, कारखाने, भट्ट्या यांच्या पदरात पडतो. शेतकरी सर्वस्वी दोषी नाही आणि अगदी निर्दोषही नाही, हे भांडणाने नव्हे, हिशेबाने कळते.

अर्थात पेरावे तसे उगवते. आगी टिपणारे काही महत्त्वाचे उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास वरून जातात. त्यानंतर लावलेली आग त्यांच्या नजरेतून सुटू शकते. मोटारींच्या आणि भट्ट्यांच्या याद्या जुन्या असतील तरी उत्तर फसते. यंत्र कितीही मोठे असो, त्याला खरी माहिती माणसानेच द्यायची असते.

आपल्याकडे ऊस तुटल्यावर पाचट पेटते, तो धूरही कोणाच्या तरी वाफ्यात जमा होतोच. तेच पाचट सरीत दाबले तर कुजून खत होते आणि जमिनीची ओल टिकते.

28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास पुण्यातल्या अनेक प्रयोगशाळा लोकांना पाहण्यास खुल्या असतात. त्या दिवसांत पुण्यास काम निघाले तर शाळकरी मुलांना बरोबर घ्यावे, आधी चौकशी करावी आणि पाषाणची वाट धरावी. जवळच सोमेश्वराचे देऊळ आहे, तेथे घटकाभर टेकावे. मग परतीची गाडी आहेच.