‘म्हणाला’ हा शब्द आणि पहिले पुस्तक

नुकत्याच वाचू लागलेल्या मुलासाठी मराठी पुस्तक निवडताना पालक आणि शिक्षक बहुधा मुखपृष्ठावर ‘जोडाक्षरविरहित’ असा शब्द आहे का ते आधी पाहतात. दोन किंवा अधिक व्यंजने मधल्या स्वरावाचून एकत्र आली की जे अक्षर तयार होते ते जोडाक्षर, आणि बाराखडी पुरती बसलेली नसताना मुलाने त्याच्याशी झगडू नये, या हेतूने अशी पुस्तके लिहिली जातात. हेतू योग्य असला, तरी ही एकच कसोटी धरून केलेली निवड पुष्कळदा फसते, आणि ती का फसते हे समजण्यासाठी मराठी वाक्याची घडण थोडी जवळून पाहावी लागते.

मराठीत नामाला विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी त्याचे रूप बदलते, ज्याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात, आणि या बदलात अनेकदा जोडाक्षर जन्माला येते. ‘घोडा’ हा शब्द जोडाक्षराशिवाय लिहिता येतो, पण त्या घोड्यावर कोणी बसले की ‘घोड्यावर’ लिहावेच लागते. ‘तो’ चालतो, पण ‘त्याने’, ‘त्याला’, ‘त्याचा’ यांपैकी काहीही चालत नाही. जोडाक्षर वर्ज्य करणाऱ्या लेखकाला कुत्रा, पक्षी, आत्या आणि रस्ता यांना गोष्टीबाहेर ठेवावे लागते आणि खुद्द ‘गोष्ट’ हा शब्दही वापरता येत नाही. सर्वांत मोठी अडचण ‘म्हणाला’ची. गोष्टीतले प्रत्येक पात्र काही ना काही म्हणत असते, आणि ते म्हणणे ‘बोलला’वर भागवले की वाक्य कानाला खटकते, कारण आजीने सांगितलेल्या एकाही गोष्टीत कोल्हा तसे ‘बोललेला’ नसतो.

वाचन शिकणारे मूल केवळ अक्षरे ओळखत नाही. आधी ऐकलेल्या भाषेच्या आधाराने पुढे कोणता शब्द येणार याचा ते अंदाज बांधते आणि समोरच्या अक्षरांवरून तो पडताळून पाहते. ‘म्हणाला’ हा शब्द त्याने असंख्य वेळा ऐकलेला असतो, त्यातला ‘म्ह’ उच्चाराला एकसंध असतो, आणि कोल्ह्याच्या नावानंतर तो येणार हे कानाला ठाऊक असल्याने डोळा अडखळला तरी जीभ पुढे जाते. उलट काना, मात्रा, वेलांटी टाळण्यासाठी वाऱ्याचा ‘पवन’ केला, तर अक्षरे सोपी राहूनही शब्द परका होतो, आणि मूल प-व-न अशी तीन अक्षरे बरोबर लावूनही काय वाचले ते सांगू शकत नाही. ओळखीच्या शब्दातले जोडाक्षर हे अनोळखी शब्दातल्या सुट्या अक्षरांपेक्षा सोपे असते, हे निवड करणाऱ्याने आधी मान्य करायला हवे.

याचा अर्थ लिपीच्या अडचणी काल्पनिक आहेत असा नाही. ‘चिमणी’ या शब्दात पहिली वेलांटी ‘च’च्या आधी लिहिली जाते पण उच्चारली नंतर जाते, म्हणजे डोळ्याचा क्रम आणि जिभेचा क्रम उलटे होतात, ‘सूर्य’मध्ये रफार, म्हणजे अक्षराच्या डोक्यावर बसणारा अर्धा र, ‘य’वर असतो आणि ऐकू मात्र ‘य’च्या आधी येतो, एकच र ‘चक्र’, ‘राष्ट्र’, ‘सर्प’ आणि ‘तऱ्हा’ या शब्दांत चार निरनिराळी रूपे घेतो. म्हणून पहिल्या पुस्तकात अशी स्थळे एका पानावर एखाद-दुसरीच असावीत आणि तोच शब्द पुढच्या पानांवर पुन्हा पुन्हा यावा. तीन पानांवर परत आलेले ‘घोड्यावर’ चौथ्या पानावर अक्षरे न लावता वाचले जाते.

छपाईकडेही पुरेसे लक्ष दिले जात नाही. रंगीत चित्रावर छापलेल्या मजकुरात अनुस्वाराचा ठिपका आणि उकार हरवतात, आणि ‘चिंच’मधला ठिपका दिसला नाही तर मुलाचा अंदाज आणि अक्षर यांचा मेळ बसत नाही. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 रोजीच्या निर्णयात पाकळीचा ‘ल’ आणि गाठीचा ‘श’ ही मराठी वळणाची रूपे ठरवून दिली, तरी हिंदी वळणाच्या टंकात छापलेली पुस्तके अजूनही हाती येतात, आणि फळ्यावर एक ‘ल’ शिकलेल्या मुलाला पुस्तकात दुसराच भेटतो. ओळ कोठे तुटते हेही पाहावे: ‘नदीच्या पलीकडे’ हे पद एका ओळीत राहिले तर अर्थ एकत्र राहतो.

भाषांतरित पुस्तकांची गोष्ट वेगळी. 2004 साली स्थापन झालेल्या प्रथम बुक्ससारख्या संस्थांनी अनेक भारतीय भाषांत स्वस्त चित्रपुस्तके आणली आणि त्यांवर चार वाचनस्तरही दिले, ही मोठी सोय झाली. पण मूळ भाषेत सोपे असलेले वाक्य मराठीत सोपे राहतेच असे नाही. हिंदीतले ‘घोड़े पर’ हे दोन छोटे शब्द मराठीत ‘घोड्यावर’ असा एक सलग शब्द होतात. त्यामुळे स्तराचा आकडा ही केवळ सुरुवात समजावी. याउलट लेखिका माधुरी पुरंदरे यांच्या, मुळात मराठीतच लिहिलेल्या ‘राधाचं घर’ या पुस्तकसंचाच्या नावातच ‘राधाचे’ न लिहिता ‘राधाचं’ लिहिले आहे, म्हणजे मूल जे बोलते आणि ऐकते तेच कागदावर उतरले आहे.

अर्थात मुलाच्या कानावरची भाषा सगळीकडे एक नसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी केलेल्या कामातून अंगणवाडीची कल्पना पुढे आली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, असा तिचा साधा आशय होता. पुस्तकालाही हेच लागू पडते. वारली किंवा मालवणी बोलणाऱ्या घरातील मुलाला प्रमाण मराठीतले सोपे पुस्तकही आधी ऐकावे लागते, म्हणून अशा ठिकाणी प्रत्येक पुस्तक मोठ्याने वाचून दाखवल्यावरच त्याच्या हाती द्यावे, आणि एकट्याने वाचायच्या पुस्तकांच्या दुप्पट तरी पुस्तके निव्वळ ऐकवण्यासाठी निवडावीत. ऐकवण्याच्या पुस्तकांना जोडाक्षरांचे बंधन नको. उद्या वाचताना लागणारे शब्द आज तेथूनच कानात साठतात.

तेव्हा निवड करणाऱ्याने दुकानात मुखपृष्ठावरचे लेबल बाजूला ठेवून मधले कोणतेही एक पान उघडावे आणि ते मोठ्याने वाचावे. एखाद्या घरात माणूस तसे बोलेल असे वाटले तर पुस्तक घ्यावे; नाही वाटले, तर एकही जोडाक्षर नसले तरी ते परत ठेवावे.