लेकीचा प्रश्न आणि दोन गप्प बसलेल्या आया



रेवदंड्याचा पूल ओलांडून साळावहून थोडं पुढे गेलं की कोर्लई. तिथे माझी कॅथलिक मैत्रीण राहते. मी तिच्या घरी काही खात नाही हे तिला ठाऊक आहे, म्हणून मी गेले की ती न विचारता शहाळं फोडते. १६ जुलैला त्यांच्या माउंट कार्मेल माउलीचा सण, आणि आमचा चातुर्मासही त्याच सुमारास सुरू होतो. दोन्ही घरांत लगबग असते ती बायकांचीच.

देवळाची झाडलोट, फुलं, मुलांना प्रार्थना शिकवणं, संध्याकाळी घरात रोझरी, हे सगळं ती बघते. पोर्तुगीज १७४० मध्येच कोर्लई सोडून गेले. पण पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, या घरांत अजून बोलतात. शाळा मराठी, बाजार मराठी. मला वाटतं, ती टिकली आयांच्या तोंडी.

या वेळी माझी लेक सोबत होती. तिने विचारलं, “मावशी, एवढं सगळं करता, मग मिस्सा तुम्ही का नाही करत?”

“ते फादरच करतात गं,” मैत्रीण म्हणाली. मग माझ्याकडे बघून हसली, “ताई, तुमच्यात कसं?”

मी शहाळ्यात बघत बसले. आमच्या श्वेतांबर परंपरेत शंभर वर्षं दीक्षा झालेल्या साध्वीजींनीही आज दीक्षा घेतलेल्या साधूला वंदन करायचं असतं. महावीरस्वामींच्या संघात साधू १४,००० आणि चंदनबालेच्या साध्वी ३६,०००. एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ आम्ही स्त्रीच मानतो. मोक्ष स्त्रीला मिळतो, वंदनातला मान मात्र नाही!

घरी येऊन वाचत बसले. स्त्रीला पुरोहितपद देता येत नाही, असं १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ठामपणे सांगितलं. वेदीवरची सेवा आणि वाचन ही पदं २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांना रीतसर खुली केली. प्रोटेस्टंटांकडे वाट लवकर मोकळी झाली. आपल्या पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि २०१३ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियात पुष्पा ललिता बिशप झाल्या. आपल्याकडेही १९८७ मध्ये अमरमुनींनी साध्वी चंदनाजींना आचार्यपद दिलंच होतं की.

दुसऱ्या दिवशी उपाश्रयात साध्वीजींना वंदन करताना लेक हळूच म्हणाली, “मम्मी, यांना काय वाटत असेल?”

नियम मोडायचं धाडस माझ्यात नाही. पण “असंच असतं” हे उत्तर मी तिला दिलं नाही. म्हटलं, “तूच विचार त्यांना.” आता ती विचारणार आहे, आणि खरं सांगते, मला जरा भीती वाटतेय.

तुमच्या लेकीने विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं?

लिहिताना कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.