नवा सेन्सर, जुनाच कोड

संत्र्याचे कॅरेट भरून आमची डिझेल पिकअप रिद्धपूरहून निघाली आणि चांदूरबाजारच्या रस्त्यावर तिची बैलगाडी झाली. इंजिनाचा पिवळा दिवा लागला. पाय कितीही दाबा, आरपीएमचा काटा दोन हजारांच्या पुढे सरकेना. पिकअपलाच पिकअप उरला नाही.

एका गॅरेजात स्कॅनर लावला. कोड निघाला पी०२३७, म्हणजे बूस्ट सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी. सेन्सर बदलला, कोड पुसला, पैसे दिले. तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा हजर! आता टर्बोच बदला म्हणाले. तिथून गाडी काढली आणि गावाकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली.

"सेन्सर कायले बदलवला, भाऊ? कोड म्हंजे घराचा नंबर हाय, चोराचं नाव नाई," तो म्हणाला.

टर्बोची चक्री धुराच्या जोरावर मिनिटाला लाखभर फेऱ्या घेते आणि इंजिनात हवा कोंबते. किती दाबाने कोंबली, ते सेन्सर सांगतो आणि त्या हिशेबाने कॉम्प्युटर डिझेल सोडतो. सेन्सरच्या आकड्यावर भरवसा उरला नाही की कॉम्प्युटर डिझेलच आवरतं घेतो, टर्बो-इंजिन जपायला. म्हणून ती बैलगाडी.

मिस्त्रीने आधी होज चाचपले. होज फाटला तर हवेचा दाब भरत नाही, पण मग बहुधा पी०२९९ येतो. नंतर चावी ऑन, इंजिन बंद. अशा वेळी सेन्सरने फक्त बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. समुद्रकाठी तो १०१ किलोपास्कल असतो, आपल्या वऱ्हाडात साडेतीनशे मीटरवर ९७ च्या आसपास. स्कॅनरवर ९७ च आला. म्हणजे सेन्सर खरं बोलत होता.

म्हाइंभटांनी याच रिद्धपुरात लीळाचरित्र लिहिताना एकेक आठवण माणसं गाठून पडताळली होती. मिस्त्रीचाही एका साक्षीदारावर विश्वास नव्हता. त्याने मल्टिमीटर घेतला. एका तारेवर पाच व्होल्ट सप्लाय ठीक, अर्थिंग ठीक, सिग्नलवर दीड व्होल्टच्या थोडं वर. मग मीटर तसाच ठेवून तो वायरिंग हातभर अंतरापर्यंत हलवत गेला. ब्रॅकेटजवळ पोचताच मीटर शून्यावर!

टेप सोलला. सिग्नलच्या तारेचं कव्हर कुरतडलेलं, आतलं तांबं उघडं. गाडी हादरली की ते बॉडीला टेकायचं. सरकीच्या पोत्यांशेजारी गाडी उभी करायची सवय आमची. उंदराला दोष काय द्यायचा?

तार डागली, स्लीव्ह चढवली, वायरिंग ब्रॅकेटपासून दूर बांधलं. अर्ध्या तासाचं काम. मग त्याने नवा सेन्सर काढून जुनाच परत बसवला, खात्री म्हणून. तो अजून चालतोय. नवा डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून आहे.